मासळीच्या पेटीतला बर्फ

सर्व संबंधितांस, विशेषतः मस्कतमधल्या तमाम मराठी मंडळींस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की जानेवारीतल्या एका शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास, जबल शम्स या डोंगराच्या माथ्यावर बर्फ पडला. गारा नव्हेत. पहाटेचं दव गोठून झालेला पांढुरका थरही नव्हे. बर्फ. कापूस पिंजावा तसा, तिरका, जराही आवाज न करता आलेला. सदर बर्फ पडत असताना मराठी भाषकांपैकी एकच इसम तिथे हजर होता आणि तो इसम म्हणजे मी. कृपया नोंद घ्यावी.

ही घोषणा त्याच दिवशी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हायला हवी होती. मजकूर तयार होता, अगदी ‘कृपया नोंद घ्यावी’सकट. मी ती पाठवली नाही. तीन वर्षं ती माझ्या फोनमध्ये तशीच पडून आहे. का पाठवली नाही हे सांगायचं तर स्वतःची बरीच नाचक्की करून घ्यावी लागेल. हरकत नाही. मी हवामानाचा नादिष्ट माणूस आहे, मला नाचक्कीचा सराव आहे.

लोकांना वाटतं मस्कतला हवामान नसतंच. उन्हाळा आणि त्याहून मोठा उन्हाळा, खलास. कुरुमच्या ऑफिसात मी खिडकीशी उभा राहून ढग बघू लागलो की मागून आवाज येतो, ‘कुठला ढग? तो? अहो तो धूर आहे.’ पण बावीस वर्षं इथे काढल्यावर मी छातीवर हात ठेवून सांगतो, इथल्या आभाळाइतकं नाटकी आभाळ मी पाहिलेलं नाही. ते महिनोन्महिने पडदा पाडून ठेवतं आणि मग एकदम तिसरा अंक सुरू करतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर डोंगराकडून गरम वारं सुटतं, त्याला इथले लोक गरबी म्हणतात. गरबीत गॅलरीतला ओला टॉवेल दहा मिनिटांत भाजलेल्या पापडासारखा होतो. जुलैत दुपारी तीनला, किनाऱ्यावर आपण घामाने निथळत असताना, मागच्या डोंगरांवर ढग असे फुगत जातात की वाटावं, कोणीतरी गॅसवर दूध ठेवून विसरलंय. तासाभरात तिकडे धो धो, इकडे टिपूस नाही. एकदा मी बायको आणि मुलीला घेऊन वादीत जेवायला बसलो होतो. वादी म्हणजे डोंगरातून येणारं नदीचं पात्र, वर्षातले बहुतेक दिवस कोरडं ठणठणीत. डोक्यावर निळंशार आभाळ. खाली चटई, चटईवर पुलावाचा कुकर. मला लांबून ट्रक आल्यासारखा आवाज आला. तिथे रस्ताच नव्हता, तर ट्रक कुठून येणार? मी ओरडलो, ‘पळा!’ आम्ही काठावर चढलो आणि वळणावरून तपकिरी पाणी आलं. त्यात खजुराचं एक खोड होतं, गॅसचा सिलिंडर होता आणि एक प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची सरळ उभी तरंगत येत होती, जणू अध्यक्ष बसायचेच काय ते बाकी आहेत. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, ‘अहो, माझा कुकर!’

कुकर गेला. तेव्हापासून घरात माझं नाव कुकरबुडवे.

अझैबाला आम्ही राहतो त्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत, मी एक पर्जन्यमापक बसवलं आहे. खाली मापाची काचेची नळी, वर नरसाळं. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी वर जाऊन नळी बघतो आणि वहीत शून्य लिहितो. वर्षातले बहुतेक दिवस शून्य. बायको म्हणते, ‘वही न उघडताही लिहिता येईल की.’ एका ऑक्टोबरात मात्र नळीत चक्क चार मिलिमीटर पाणी दिसलं. मी तिथूनच ग्रुपवर घोषणा केली, ‘अझैबा परिसरात पहाटे चार मिलिमीटर पाऊस.’ अभिनंदनाचे निरोप आले, अंगठे आले. मग तळमजल्यावरचे चाचा जिना चढून वर आले, नरसाळ्याकडे बघितलं, त्याच्या बरोब्बर वर लोंबणाऱ्या, आपल्याच एसीच्या गच्चीवरच्या यंत्राला जोडलेल्या घामेजल्या पाइपकडे बघितलं आणि म्हणाले, ‘वेधशाळा, ह्यो पाऊस माजे बेडरूममदून आलाय.’

त्या दिवसापासून ते मला वेधशाळाच म्हणू लागले. आणि आमची दोस्ती जमली.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. पस्तीस वर्षांपूर्वी आले ते अल मवालेहच्या भाजीबाजारात हमाल म्हणून. मी ओळखायला लागलो तोवर त्यांचा स्वतःचा गाळा होता. कांदा, बटाटा आणि सफरचंद. माणूस बुटका, खांदे रुंद, गुडघे गेलेले. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू. चाची मात्र एकदम उलट, तोंडाने फटाकडी. चाची तांदळाच्या भाकऱ्या करून वर पाठवायच्या आणि बरोबर निरोप, ‘वेधशाळेला सांगा, गरम हायत तवर खावा, ढगांकडं बगत बसू नको म्हणावं.’

चाचांना बर्फ बघायचा होता.

ही इच्छा कुठून आली हे त्यांनी मला त्यांच्या गाळ्यावरच दाखवलं. सफरचंदं येतात त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बर्फाच्छादित डोंगर छापलेला असतो. निळं आकाश, पांढरा डोंगर, पायथ्याशी एक लाल सफरचंद. चाचांनी एक खोकं उचलून माझ्यापुढे धरलं. बाहेर उन्हात डांबर मऊ झालेलं.

‘पस्तीस वर्सं ह्यो डोंगर पाठीवरनं वाहिला,’ ते म्हणाले. ‘खरा असतो काय ह्यो, नुसताच छापतात?’

‘खरा असतो, चाचा.’

‘मग एकदा बगायचा हाय. हात लावायचा. बस, आनिक काय नाय.’

‘अहो, इथेसुद्धा पडतो. जबल शम्सवर. दोन-चार वर्षांतून एखादवेळी, हिवाळ्यात, उत्तरेकडून थंड हवा आणि ढग एकदम आले तर.’

‘म्हंजे ओमानातच?’

‘गाडीने तीन-साडेतीन तास.’

चाचा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी घरातच दडवून ठेवलेला खजिना कबूल केला आहे. मग म्हणाले, ‘तुमी सांगाल तवा निगू.’

आणि मी, माझ्या नेहमीच्या थाटात, हात वर करून जाहीर केलं, ‘चाचा, तुम्हाला बर्फ दाखवल्याशिवाय मी तुम्हाला हा देश सोडू देणार नाही!’

पुढच्या काही हिवाळ्यांत आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा वर नुसता पाऊस, तोही कंजूष. दुसऱ्यांदा इतकं दाट धुकं की डोंगरच दिसेना. एक बकरी मात्र एकदम काचेशी येऊन आमच्याकडे बघून गेली. चाचांबरोबर प्रवास म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होतं. दर पेट्रोल पंपाला चहा. निझवाला पोचलो की बाजारात एक चक्कर, नुसता कांदा बघायला. विकत घ्यायचा नाही, फक्त हातात घेऊन दाबून बघायचा आणि दुकानदाराला अरबीत कांद्याच्या जन्मगावाबद्दल विचारायचं. माझा पाय तोवर ॲक्सिलरेटरवर नाचत असायचा. ढग काही आपल्यासाठी थांबत नाहीत, हे चाचांना कसं सांगणार?

तिसरी खेप शुक्रवारची. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार. फोनवरचे नकाशे चांगले दिसत होते. मी आदल्या दिवशी खाली जाऊन सांगितलं, ‘चाचा, उद्या जाऊ. पण शुक्रवार आहे, तुमची जुम्म्याची नमाज झाली की निघू.’

चाचा म्हणाले, ‘तुमी म्हनाल तसं.’

दर शुक्रवारी मी गच्चीवरून त्यांना बघत आलो होतो. पांढरा स्वच्छ कुर्ता, टोपी, अत्तर, आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मशिदीकडे हळूहळू जाणारी ती बुटकी आकृती. दहा-बारा वर्षांत एकही शुक्रवार चुकलेला मी पाहिला नव्हता. त्यामुळे मी मोठ्या अदबीने दीडपर्यंत थांबलो, आणि निघालो, आणि पंप, आणि चहा, आणि कांदा, आणि आम्ही वर पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. तिथल्या एका शेळीपालकाने आम्हाला सांगितलं की दुपारी दोनला गारा पडल्या, अशा अशा, आणि त्याने बोटांनी लिंबाएवढा गोल करून दाखवला. जमीन ओली होती. एका दगडाच्या सावलीत मूठभर गारांचा चुरा उरलेला होता. चाचा गुडघे धरून वाकेपर्यंत त्याचंही पाणी झालं.

येताना गाडीत चाचा म्हणाले, ‘हरकत नाय. आपल्या नशिबात कांदाच हाय.’

मी हसलो. पण खरं सांगतो, मनातून चिडलो होतो. इतकी वर्षं ढगांच्या मागे धावतोय, ताशी किती वेगाने काय सरकतंय याचं गणित मांडतोय, आणि हातातोंडाशी आलेलं निसटतं ते एका माणसाच्या गुडघ्यांमुळे आणि कांद्यामुळे आणि नमाजेमुळे. हे मी कोणाला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित पुढचं टळलं असतं.

मग चाचांनी गाळा मुलाच्या नावे केला आणि जाहीर केलं की फेब्रुवारीअखेर आपण आणि चाची कायमचे गावी. व्हिसा रद्द, सामान बोटीने. जानेवारी लागला. तो त्यांचा इथला शेवटचा हिवाळा होता आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

जानेवारीच्या मध्यावर एका गुरुवारी फोनवरचे नकाशे बघता बघता माझा चहा गार झाला. उत्तरेकडून थंड हवेची जीभ खाली आली होती, समुद्राकडून ढग निघाले होते, आणि दोघांची गाठ जबल शम्सच्या आसपास पडणार होती. शुक्रवारी, दहा ते बाराच्या मध्ये. दुपारनंतर सगळं पूर्वेकडे सरकून विरणार. इतकं स्वच्छ चित्र मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसातून आलो. चाचा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते.

‘काय वेधशाळा? उद्या काय हाय आबाळात?’

माझ्या डोक्यात हिशेब झाला. सहाला निघायला हवं. यांना घेतलं तर जुमा, म्हणजे दीड, म्हणजे सूर्यास्त, म्हणजे ओली जमीन आणि बकरी. आणि ‘उद्या पडणार आहे, पण तुम्ही राहा, मी जाऊन येतो’ हे त्यांच्या तोंडावर म्हणण्याची माझी छाती नव्हती.

‘काही नाही, चाचा,’ मी म्हणालो. ‘चार ढग येतील नि जातील.’

‘बरं,’ ते म्हणाले. त्यांनी वर आभाळाकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या शब्दापुढे आभाळ कशाला बघायचं?

बायकोला मी म्हटलं, ‘उद्या जरा जबलवर जाऊन येतो.’

‘चाचा येतायत?’

‘नाही. त्यांना शुक्रवारी जमत नाही.’

‘असं ते म्हणाले?’

‘अगं, नमाज असते ना.’

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, ‘येताना सीबच्या मासळीबाजारातून मासे आणा. पेटी गाडीतच आहे.’

सकाळी सहाला मी इमारतीचं फाटक चोरासारखं हळूच लोटलं. पहाटेची नमाज आटोपून चाचा कोपऱ्यावरून परत येत होते. अंगावर शाल, हातात तसबीची जपमाळ. मी गाडी सुरू केली आणि ते काचेशी येऊन उभे राहिले.

‘एवड्या सकाळी?’

‘ऑफिसचं काम निघालं, चाचा. निझवाला.’ लागोपाठ दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

‘शुक्रवारी? लय खराब अर्बाब हाय तुमचा.’ त्यांनी शालीतून हात काढून गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं. ‘हवा गार हाय. कायतरी घाला अंगात. संबाळून.’

अर्बाब म्हणजे मालक. त्या बिचाऱ्या मालकाला त्या वेळी साखरझोपेत काय माहीत.

मी सुसाट गेलो. पंप नाही, चहा नाही, कांदा नाही. साडेनऊला जबल शम्सच्या माथ्यावर, त्या प्रचंड दरीच्या कडेला गाडी लावून उभा होतो. आभाळ शिशासारखं खाली आलेलं. वारा असा की नाकाचं टोक आपलं आहे की नाही हे चाचपून बघावं लागत होतं. जवळच्या झोपडीतला एक म्हातारा ओमानी, डोक्यावरून लोकरीची चादर गुंडाळलेला, थर्मासमधून कहवा ओतत होता. त्याने मलाही कप दिला. आम्ही दोघे वर बघत बसलो. दहा वाजले. साडेदहा. मी मनात म्हटलं, आलं नाही तर एक बरं होईल, मी कोणाचं काही घेतलं नाही असं होईल.

अकराला आधी साबुदाण्यासारखे बारीक दाणे आले. गाडीच्या टपावर टपटप वाजले, उडाले. मग वारा एकदम पडला. इतका की दरीच्या तळाशी कुठेतरी ओरडणाऱ्या बकरीचा आवाज वर आला. आणि त्या शांततेत पहिला पुंजका माझ्या बाहीवर उतरला. उतरला आणि राहिला.

म्हातारा उठून उभा राहिला आणि ओरडला, ‘थल्ज! थल्ज!’

मीही ओरडलो, ‘बर्फ! बर्फ!’ मराठीत, हिंदीत, अरबीत, सगळ्या भाषांत. दोन्ही हात पसरून मी त्या दगडांत गोल गोल फिरलो, पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. म्हाताऱ्याने मला मिठी मारली. काटेरी झुडपं, दगड, त्याची झोपडी, माझी गाडी, सगळं हळूहळू पुसलं जात होतं. सगळा डोंगर दम धरून बसल्यासारखा. वीस मिनिटं. जास्तीत जास्त पंचवीस.

मग मी फोन काढला. व्हिडिओ घेतला, फोटो घेतले, आणि कुडकुडत्या बोटांनी ती घोषणा लिहिली. सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने. हा माझा दिवस होता. एसीच्या पाइपचा सूड होता. अंगठा बाणावर टेकवला आणि एकदम आठवलं की ग्रुपमध्ये चाचाही आहेत. मीच घातलं होतं त्यांना. रोज सकाळी माझं शून्य वाचून ते एक फूल पाठवायचे.

मी फोन खिशात ठेवला. बर्फ अजून पडत होता, पण मला आता तो नीट दिसेना. सारखं वाटत होतं, इथे शेजारी एक बुटका माणूस शाल लपेटून उभा असायला हवा, आणि त्याने हात पुढे करायला हवा.

तेव्हा मला ती पेटी आठवली. मासळीची, निळी, थर्मोकोलचं अस्तर असलेली. मी तिचं झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी बर्फ भरायला लागलो, वेड्यासारखा. म्हाताऱ्याने न विचारता मदत केली. पेटी गच्च भरली, दाबून भरली, झाकण लावलं, वरून माझं जॅकेट गुंडाळलं. पावणेबाराला मी उतरायला लागलो.

खाली हमरा गावाशी आलो तेव्हा ऊन पडलेलं होतं आणि रस्ता अडला होता. मशिदीच्या दोन्ही बाजूंना गाड्या वेड्यावाकड्या लावलेल्या, नमाज नुकतीच सुटलेली, पांढऱ्या पायघोळ दिशदाशांतली माणसं घोळक्याने बाहेर येत होती, एकमेकांचे हात हातात घेऊन निवांत बोलत होती. मी हॉर्न वाजवला. एकाने हसून हात केला, थांब जरा. दहा मिनिटं मी तिथे त्या मशिदीसमोर बसून चरफडत होतो. मागे पेटीत बर्फ वितळत होता आणि या लोकांच्या गप्पा संपत नव्हत्या. निझवाच्या आधी पुन्हा तेच, आणखी एक मशीद, आणखी गाड्या. ‘आज सगळ्या देशाला रस्त्यातच नमाज पढायची आहे की काय,’ असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. ऐकायला गाडीत कोणी नव्हतं.

पुढचं सांगण्याआधी नंतरचं सांगून टाकतो, कारण ते लहान आहे. त्या शुक्रवारनंतर चाचांचे इथे पाच आठवडे उरले होते. दर शुक्रवारी मी नकाशे बघितले. पाचही शुक्रवारी आभाळ निळंशार, निर्लज्ज. मग ते गेले. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. चाचांनी माझ्या पाठीवर थोपटलं, जसं गाडीच्या टपावर थोपटलं होतं तसंच. आता दर हिवाळ्यात त्यांचा आवाजातला निरोप येतो, मागे कोंबड्या ओरडत असतात. ‘काय वेधशाळा, पडला काय?’ गेली तीन वर्षं मी दर थंडीत जबलवर जातो आहे. पडलेला नाही. तसं मी कळवतो आणि ते एक फूल पाठवतात. मला ते फूल बघवत नाही.

तर त्या शुक्रवारी तीनच्या सुमारास मी अझैबाला पोचलो. मासे आणले नव्हते. पेटी दोन्ही हातांत धरून सरळ चाचांच्या दारावर गेलो आणि कोपराने बेल दाबली.

चाचींनी दार उघडलं. ‘या भाऊ, या. मासळी आनलीत? आमचं तर सगळं बांदलं, शिजवू कशात?’

आत सगळीकडे सामान. बोटीने जाणारी भांडी, चादरी, एक शिवणयंत्र, आणि भिंतीला लावून रचलेली पुठ्ठ्याची खोकी. सफरचंदांची. प्रत्येकावर निळं आकाश आणि पांढरा डोंगर. त्या पंचवीस-तीस डोंगरांच्या मधोमध चाचा सुतळीचा गुंडा घेऊन जमिनीवर बसले होते.

‘झालं निझवाचं काम?’

मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि झाकण काढलं.

वर पाणी होतं. खाली राखाडी, चिखलासारखा बर्फाचा गोळा, माझ्या दोन मुठींएवढा. आणि वास, आठ वर्षांच्या सुरमईचा, पापलेटचा आणि कोळंबीचा. चाचा पेटीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. माझ्या लाल झालेल्या नाकाकडे, बुटांच्या ओल्या लेसांकडे. त्यांना सगळं कळलं. मी एक शब्दही बोललो नव्हतो आणि त्यांना सगळं कळलं.

त्यांनी कुर्त्याच्या बाह्या सावकाश वर केल्या, नमाजेआधी वजूला, हातपाय धुवायला करतात तशा, आणि दोन्ही हात पेटीत घातले. धरून ठेवले.

‘गार हाय,’ ते म्हणाले.

मग हात बाहेर काढून त्यांनी बोटावर चिकटलेलं काहीतरी उजेडात धरलं. ‘आनि ह्यो खवला हाय.’ ते हसले. त्यांच्या हसण्यात राग कुठेच सापडेना, आणि तेच मला जास्त लागलं. ओले हात त्यांनी गालांना लावले. ‘पडताना कसा दिसतो? सांगा की.’

मी आयुष्यभर सांगत आलोय. एका कुकरवर मी वीस मिनिटं बोलू शकतो. आणि तिथे त्या खोक्यांमध्ये उभं राहून मला एक वाक्य जमेना. ‘आवाज नसतो,’ एवढंच म्हणालो.

चाचींनी पदराने हात पुसला. त्या मगापासून एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होत्या. ‘भाऊ, पन ह्यांना का नाय नेलात?’

मी कबूल केलं. काल संध्याकाळचं खोटं, सकाळचं खोटं, सगळं. आणि मग, स्वतःची बाजू सावरायची म्हणून, अगदी अदबीने म्हणालो, ‘चाची, आज शुक्रवार ना. चाचांचा जुमा. दीडपर्यंत थांबलो असतो तर बर्फ गेला असता. आणि नमाज सोडून चला असं मी त्यांना कसं म्हणणार होतो?’

 चाचा मान खाली घालून पेटीतल्या पाण्याकडे बघत होते. बोलल्या त्या चाची, आणि इतक्या जोरात की वर माझ्या घरी बायकोलाही ऐकू गेलं.

‘अवो भाऊ, ह्या अक्ख्या मुलखात वाटेनं मशिदींचा दुष्काळ पडला होता काय?’